यशवंतपूरहून केंब्रिजला

गेल्या महिन्याच्या टपालात बंगळूरच्या यशवंतपूर भागातून एका भगिनींचे पत्र आले. घराणे मूळचे बेळगावकडचे. यजमानांचे मार्केट यार्डात कांद्याचे दुकान होते, आता ते थकले आहेत. थोरल्या कन्येला केंब्रिज विद्यापीठात संशोधनासाठी प्रवेश मिळाला आहे. पत्रात आनंद आहे, पण काळजी त्याहून अधिक आहे. थंडी सोसवेल काय? शाकाहारी मुलीच्या जेवणाचे काय? हे दोन प्रश्न पहिल्याच पानावर आहेत. तिसरा अगदी शेवटच्या ओळीत, सहीच्या वर, जरा संकोचाने लिहिलेला आहे: तेथे तिला आपली म्हणतील, की चारही वर्षे ती पाहुणीच राहील?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी त्यांना चार ओळींत कळवू शकलो असतो. तिसऱ्यासाठी मात्र या खेपेचे सदर खर्ची घालीत आहे. याचे कारण असे, की हाच प्रश्न घेऊन एक मराठी मुलगी याच भागातून केंब्रिजला गेली होती, आणि तिला मिळालेले उत्तर ऐकण्यासारखे आहे.

यशवंतपूरच्या रेल्वे स्थानकापासून टाटा इन्स्टिट्यूटचे आवार फार दूर नाही. संस्थेचे नाव भारतीय विज्ञान संस्था. परंतु रिक्षावाले आणि जुने रहिवासी आजही तिला 'टाटा इन्स्टिट्यूट'च म्हणतात. जमशेटजी टाटांच्या देणगीतून, म्हैसूर दरबारने दिलेल्या विस्तीर्ण जमिनीवर १९०९ साली ती स्थापन झाली. एकीकडे नाशिक-नगरच्या कांद्याची पोती वर्षानुवर्षे उतरत आलेला मार्केट यार्ड आणि त्यातली हमालांची धांदल. दुसरीकडे कुंपणापलीकडे दाट झाडी, तांबडी माती आणि मनोऱ्याची ती करड्या दगडी इमारत. दोन्हींमध्ये फारसे अंतर नाही, पण वातावरणात एका शतकाचे अंतर वाटते.

१९३३ साली या संस्थेकडे कमला भागवत नावाच्या मुलीचा अर्ज आला. जन्म इंदूरचा, शिक्षण मुंबईचे. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि याच संस्थेचे माजी विद्यार्थी. वडील भगिनी म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाच्या दुर्गाबाई भागवत. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत कमलाबाईंचे नाव गुणवत्ता यादीत पहिले होते. त्यामुळे अर्ज नाकारला जाईल असे घरात कोणाच्या मनातही आले नसावे. तो नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, नोबेल पारितोषिकाचे मानकरी. स्त्रिया संशोधनास समर्थ नसतात, हे त्यांनी दिलेले कारण होते.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्या काळी गांधीजींचा शब्द घराघरांत पोचला होता. त्यांनी रामन यांच्या कचेरीच्या दाराशी सत्याग्रह मांडला. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटी घालून. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी गणल्या जाणार नव्हत्या. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीही, काम करावे लागेल. आणि तिसरी अट अशी, की त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. वाचकहो, या तिसऱ्या अटीवर क्षणभर थांबा. बावीस वर्षांच्या मुलीला पदार्थविज्ञानाच्या थोर पंडिताने सांगितले, की तू येथे आहेस हाच एक दोष आहे, तो आम्ही वर्षभर सहन करून पाहू.

यामुळे रामन यांच्या थोरवीला उणेपणा येतो काय? येतो, आणि तो येऊ द्यावा असे माझे मत आहे. प्रकाशाच्या विकिरणाचे त्यांचे संशोधन त्यामुळे लहान होत नाही. पण म्हणून हा कोतेपणा झाकून ठेवण्याचेही प्रयोजन नाही. कमलाबाईंनी तो झाकला नाही. साठाहून अधिक वर्षांनी, आयुष्याच्या अखेरीस, एका वैज्ञानिक सभेत त्यांनी ही आठवण सांगितली तेव्हाही त्या अपमानाची धार गेलेली नव्हती. वर्ष संपले, काम पाहून रामन यांचे समाधान झाले, आणि पुढे इतर मुलींनाही संस्थेचे दार उघडले, हेही तितकेच खरे. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम करून १९३६ साली कमलाबाईंनी एम. एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळविली.

आणि मग १९३७ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन त्या केंब्रिजला निघाल्या.

आता तुम्ही म्हणाल, की इतकी अवहेलना सोसल्यानंतर त्या जुन्या, ज्ञानवृद्ध नगरीने त्यांना बाहू पसरून कवेत घेतले असेल. केंब्रिजला विद्येची परंपरा १२०९ पासूनची. ऑक्सफर्डहून निघालेल्या काही विद्वानांनी कॅम नदीकाठी बस्तान बसविले तेव्हा आपल्याकडे देवगिरीवर यादवांचे राज्य होते. तेथील सर्वांत जुने कॉलेज, पीटरहाउस, १२८४ चे. म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरीपेक्षा सहा वर्षांनी वडील. अशा गावात शिरताना परदेशी विद्यार्थ्याची छाती दडपून जाते. दगडी कमानी, आतले हिरवळीचे चौक, नदीवर लांब काठीने रेटीत नेल्या जाणाऱ्या सपाट तळाच्या होड्या, आणि जिकडे तिकडे सायकली. चौकातील हिरवळीवर पाऊल टाकण्याचा मान कॉलेजच्या फेलो मंडळींचा. विद्यार्थ्याने कडेकडेने जायचे. हिरवळ ही नुसती पाहायची वस्तू आहे हे आपल्या माणसाला समजायला काही दिवस लागतात.

या गावाची घडी समजून घ्यायची, तर एक गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे कॉलेज म्हणजे जेथे वर्ग भरतात ते. तेथे तसे नाही. राहायला खोली देणारे, जेवू घालणारे, विद्यार्थ्याच्या वागणुकीवर नजर ठेवणारे ते कॉलेज. व्याख्याने देणारे, प्रयोगशाळा चालविणारे, परीक्षा घेणारे आणि पदवी देणारे ते विद्यापीठ. घर आणि दरबार म्हणा ना. मुलगा कॉलेजात गेला की तो आपोआप विद्यापीठाचा सभासद होई. मुलीचे तसे नव्हते. तिला घर होते, दरबारात स्थान नव्हते.

त्या काळचे नियम ऐकताना आज हसू येते. अंधार पडल्यावर पदवीपूर्व विद्यार्थ्याने काळा झगा अंगावर घेतल्याशिवाय गावात फिरायचे नाही. प्रॉक्टर नावाचा विद्यापीठाचा अधिकारी उंच टोपीवाले दोन शिपाई घेऊन रस्त्याने गस्त घाली. शिपायांना विद्यार्थी 'बुलडॉग' म्हणत. बिनझग्याचा विद्यार्थी सापडला की दंड सहा शिलिंग आठ पेन्स. विद्यार्थिनींना असा दंड कधी होत नसे. त्यांच्यावर मेहेरबानी होती असे समजू नका. झगा घालण्याचा अधिकारच त्यांना नव्हता.

हे असे का, याची कथा जरा मागे जाऊन सांगावी लागेल, आणि तिच्यात आपलेच एक घराणे आहे. कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. त्यांचे तेथील पहिलेच वर्ष चालू असताना, २१ मे १८९७ रोजी, स्त्रियांना पूर्ण पदव्या द्याव्यात की नाही यावर विद्यापीठात मतदान झाले. मत देण्यासाठी बाहेरगावचे जुने पदवीधर खास आगगाड्यांनी आले. सिनेटगृहासमोरच्या पुस्तकांच्या दुकानावर विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा दोरीला टांगून ठेवला होता. ठराव प्रचंड बहुमताने फेटाळला गेला, तेव्हा जमावाने तो पुतळा खाली ओढून त्याची चिरफाड केली आणि तुकडे मुलींच्या न्यूनम कॉलेजच्या फाटकातून आत कोंबले. दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, रघुनाथराव एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर गणिताच्या परीक्षेत पहिले, म्हणजे 'सीनियर रँग्लर' झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. पुढे पुण्यास येऊन फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी बरीच वर्षे वेचली, हे आपण जाणतोच.

त्यांची कन्या शकुंतला न्यूनममध्ये गेली आणि १९२९ साली तिनेही गणिताची तीच परीक्षा दिली. मधल्या काळात, १९२१ साली, विद्यापीठाने एक तोड काढली होती: स्त्रियांना पदवीचे नाव लावता येईल, पण विद्यापीठाचे सभासदत्व मिळणार नाही, मत मिळणार नाही, सिनेटगृहातील समारंभात पदवी घेता येणार नाही. एवढ्या अर्ध्या दानाचाही काही विद्यार्थ्यांनी असा आनंदोत्सव केला, की हातगाडीच्या धडका मारून न्यूनमचे कांस्याचे फाटक फोडले. तेव्हा परांजप्यांच्या घरात परीक्षा एकच, विद्यापीठही एकच. पण बापाला पदवी आणि लेकीला पदवीचे नाव, अशी स्थिती झाली.

आणि आता आपल्या मुंबईकडे पाहा. मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या त्या १८८३ साली. कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून याच विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. केंब्रिजने हीच गोष्ट केली १९४८ साली. पासष्ट वर्षांचे अंतर! आमच्या पूर्वजांच्या सनातनीपणावर आपण पुष्कळ बोलतो, आणि ते बोलायलाच हवे. पण हे दोन आकडेही मुलांना एकदा सांगून ठेवावेत.

अशा नगरीत १९३७ साली कमलाबाई पोचल्या. त्याही न्यूनमच्याच विद्यार्थिनी. हे कॉलेज १८७१ पासूनचे, तांबड्या विटांचे. एकामागून एक इमारती लांबच लांब बंदिस्त वाटेने जोडलेल्या, म्हणजे हिवाळ्यात जेवणघराकडे जाताना वाऱ्यात पाऊल टाकावे लागत नाही. येथे प्रार्थनामंदिर मुळातच बांधले नाही; कोणत्याही धर्माच्या मुलीला परकेपणा वाटू नये हा संस्थापकांचा हेतू. आणि बागेच्या एका बाजूला १८७९ साली उभारलेली छोटी प्रयोगशाळा आहे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत मुलींना वाव मिळत नसे, म्हणून कॉलेजने आपली स्वतःची बांधली होती. यशवंतपूरजवळच्या त्या दगडी इमारतीत 'वातावरण बिघडविणारी' ठरलेल्या मुलीला या छोट्या प्रयोगशाळेचे प्रयोजन कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.

परंतु आता काळ बदलला होता, निदान एका रस्त्यावर तरी. टेनिस कोर्ट रोडवर सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनाची प्रयोगशाळा होती. जीवनसत्त्वांच्या संशोधनाबद्दल १९२९ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालेले. त्यांचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की इतरत्र दारे बंद असताना त्यांच्याकडे अनेक स्त्रिया संशोधन करीत होत्या. मार्जरी स्टीफन्सन तेथेच जिवाणूंच्या रसायनावर काम करीत. पुढे १९४५ साली रॉयल सोसायटीने प्रथमच ज्या दोन स्त्रियांना फेलो म्हणून निवडले, त्यांपैकी त्या एक. येथे कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर यांच्या हाताखाली आणि ते गेल्यावर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाने वनस्पतींवर काम केले. हिल म्हणजे हरितद्रव्याच्या कणांवर प्रकाश पाडून प्राणवायू कसा सुटतो हे दाखविणारे शास्त्रज्ञ. त्यांचे ते काम नेमके त्याच वर्षांतले.

कमलाबाईंचा विषय पाहायला गेले तर आपल्या स्वयंपाकघरातला: बटाटा. बटाट्याच्या पेशींतील श्वसनक्रियेचा अभ्यास करताना त्यांना दिसून आले, की वनस्पतींच्या पेशींत जे ऑक्सिडीकरण चालते त्यात सायटोक्रोम सी या प्रथिनाचा वाटा आहे. आपण धापा टाकतो ते दिसते, बटाटा श्वास घेतो ते दिसत नाही. पण पेशीच्या आत दोघांचीही भट्टी पुष्कळशी एकाच तऱ्हेने पेटते, असा त्याचा अर्थ. केंब्रिजला पोचल्यापासून चौदा महिन्यांत प्रबंध तयार झाला. पृष्ठे अवघी चाळीस! आमच्याकडे प्रबंध तागडीवर तोलण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्या भोक्त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

१९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. विज्ञानातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला असे त्यांचे वर्णन पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः जानकी अम्माळ यांनी १९३१ मध्येच अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. कमलाबाईंचे मोठेपण अशा पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर अवलंबून नाही. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. ज्या विद्यापीठाने त्यांना डॉक्टर म्हटले, त्याच्या सभासदांच्या पटावर त्यांचे नाव चढले नाही. १९३९ साली स्त्रीला मिळे ते पदवीचे नावच. बंगळूरला नकार मोठ्या आवाजात मिळाला होता. केंब्रिजला तो अतिशय सभ्यपणे, चहाच्या पेल्याबरोबर मिळाला, इतकाच फरक.

त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनाच्या प्राध्यापक, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत सहायक संचालक. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तेथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्ये, तांदूळ आणि ताडमाडांची नीरा अशा गरिबाघरच्या अन्नाचा कस शोधून काढला. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना नीरेचा उपयोग होतो, असे त्यांना आढळले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतलेल्या या कामाला राष्ट्रपतींचे पारितोषिकही मिळाले. त्याच संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना चार वर्षे उशिरा मिळाले, आणि कारण पुन्हा तेच. म्हणजे 'आपली' म्हणायला घरच्यांनीही वेळ लावलाच. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांच्या सत्काराचा समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांचे देहावसान झाले.

तेव्हा यशवंतपूरच्या भगिनी, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. गाव आपली म्हणेल की नाही, हे मुलीने मनावर घेऊ नये. ज्या मेजावर काम करायचे ते मेज आपले म्हणते की नाही, तेवढे पहिल्या सहा महिन्यांत पाहावे. कमलाबाईंना विद्यापीठाने अर्धेच स्वीकारले, पण हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेने पूर्ण. काम त्या जागेवर झाले. तुमच्या कन्येचा मार्गदर्शक कसा आहे, त्याच्याकडे यापूर्वी कोण विद्यार्थी होते, ते वेळेवर प्रबंध पुरा करून बाहेर पडले काय, याची चौकशी कॉलेजच्या कमानी किती शतकांच्या आहेत या चौकशीपेक्षा अधिक मोलाची. आता पत्रे पाठवून वाट पाहावी लागत नाही. तिने त्या विद्यार्थ्यांना सरळ लिहून विचारावे. मोकळेपणाने उत्तर देतात.

आता राहिलेले दोन प्रश्न. थंडीचे म्हणाल तर मुलूख सपाट आणि दलदलीचा. पूर्वेचा वारा थेट उरल पर्वतापासून येतो, मध्ये त्याला अडवायला काही नाही, असे तेथील लोक सांगतात. एक जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालायचे पातळ लोकरी कपडे बरे, आणि कोट तेथेच घ्यावा. पण थंडीपेक्षा अंधाराची तयारी करा. डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. बंगळूरच्या मुलीला याची मुळीच सवय नसते, आणि मन उदास होते ते बहुधा त्याने. तिला मात्र वाटते की आपलेच काही चुकते आहे. त्यातच नाताळच्या सुटीत विद्यार्थी घरोघर जातात आणि कॉलेज ओस पडते. त्या आठवड्यांत दूरध्वनीवर तिच्याशी रोज बोला, मग एप्रिलनंतर आठवड्यातून एकदा बोललात तरी चालेल. जूनमध्ये रात्री नवापर्यंत उजेड असतो. तेव्हा तिलाच तुमच्याशी बोलायला सवड नसेल. जेवणाची चिंता पूर्वी खरी होती, आता नाही. कॉलेजांत शाकाहारी पान मिळते, डाळ-तांदूळ दुकानांत मिळतात. लहान कुकर आणि घरचा मसाला सामानात असू द्या.

झगाही आता तिला मिळेल. औपचारिक भोजनाला आणि समारंभाला तो घालावा लागतो. प्रबंध मान्य झाला, की सिनेटगृहात पदवीदान होते. कॉलेजचा प्रतिनिधी उमेदवारांना पुढे नेतो. उमेदवारांनी त्याच्या उजव्या हाताचे एकेक बोट धरून चालत जायचे, मग कुलगुरूंपुढे गुडघे टेकून आपले जोडलेले हात त्यांच्या हातांत द्यायचे, असा तेथला जुना रिवाज आहे. शकुंतलाबाईंना आणि कमलाबाईंना त्या बोटापर्यंत पोचता आले नव्हते. समारंभाचे निमंत्रण आईवडिलांनाही मिळते. पारपत्र आताच काढून ठेवा.